विश्लेषण : कल्याणच्या यमुनेचा जोडीदार कुणी निवडला? आनंदीबाई जोशींचे आयुष्य आणि जोडीदार निवडीचे उत्क्रांतिशास्त्र

पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. कल्याणच्या मुलीने १८८६ मध्ये अमेरिकेत जाऊन एमडी व्हावे, ही गोष्ट शाळेच्या धड्यातून, कादंबरीतून आणि २०१९ च्या चित्रपटातून घराघरांत पोहोचली. मात्र या कहाणीची सुरुवात शिक्षणाने होत नाही. ती होते एका लग्नाने. वधू ९ वर्षांची, वर बिजवर आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठा. जोडीदाराची निवड माणूस कशी करतो, यावर उत्क्रांतिवादी मानसशास्त्राने गेल्या ५० वर्षांत बरेच संशोधन केले आहे. त्या चष्म्यातून आनंदीबाईंचे लग्न पाहिले तर काय दिसते? त्यातले काय निसर्गातून आले होते आणि काय समाजाने लादलेले होते?

यमुना कोण होती?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी यांचे घर जुन्या कल्याणातील पारनाका भागात. घराणे एकेकाळी जमीनदार, पण यमुनेच्या लहानपणी आर्थिक घडी विस्कटलेली होती. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली होती. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा कल्याण हे रेल्वेचे गाव झालेले होते. रेल्वेबरोबर टपाल, सरकारी कचेऱ्या आणि बदलीची नोकरी करणारे कारकूनही आले. घरातले नियम मात्र जुनेच होते. ब्राह्मण घरातल्या मुलीचे लग्न ती वयात येण्याआधी व्हायलाच हवे, हा त्यातला सर्वात कडक नियम. तो मोडणाऱ्या कुटुंबाला समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागे. त्यामुळे मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होई.

वर कोण होता?

वर होते गोपाळराव विनायक जोशी. मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून. पहिली पत्नी वारलेली. स्वभाव विक्षिप्त आणि हट्टी, पण विचार काळाच्या पुढचे. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांचे ते उघड समर्थक होते. लग्नानंतर मुलीला शिकवू देण्याची अट त्यांनी घातली होती, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १८७४ मध्ये लग्न झाले. माहेर आणि सासरचे आडनाव एकच असल्याने ते बदलले नाही, नाव मात्र बदलले. यमुनेची आनंदी झाली.

नवे नाव तिने निवडले नव्हते आणि नवराही तिने निवडला नव्हता. निवड झाली ती दोन प्रौढ पुरुषांमध्ये. मुलगी उजवण्याची घाई असलेले वडील आणि शिकवता येईल अशी पत्नी हवी असलेला वर, असा हा व्यवहार होता.

डार्विनचा सिद्धांत इथे कुठे बसतो?

योगायोग असा, की या लग्नाच्या तीनच वर्षे आधी, १८७१ मध्ये, चार्ल्स डार्विन यांचा मानवाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात त्यांनी लैंगिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला. मोराचा पिसारा जगण्यासाठी अडचणीचाच, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. कारण लांडोर पिसारा पाहून जोडीदार निवडते. प्राणिसृष्टीत अनेकदा निवडीचा हक्क मादीकडे असतो, हा डार्विन यांचा मुद्दा त्यांच्या काळातल्या अनेक शास्त्रज्ञांच्या पचनी पडला नाही.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी त्यामागचे कारण सांगितले. अपत्यासाठी ज्याला जास्त किंमत मोजावी लागते, तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ असतो. माणसात नऊ महिन्यांचे गर्भारपण, बाळंतपणातला जिवाचा धोका आणि अंगावरचे दूध ही किंमत स्त्री मोजते. तेव्हा चुकीच्या निवडीचा फटकाही तिलाच जास्त बसतो. या हिशोबाने पाहिले तर निवडीचा पहिला अधिकार स्त्रीचा असायला हवा. १८७४ च्या कल्याणमध्ये नेमका तोच तिच्याकडे नव्हता.

वीस वर्षांचे अंतर निसर्गनियम आहे का?

पुरुषांना तरुण पत्नी आवडते, स्त्रियांना स्थिरस्थावर पुरुष आवडतो, हे निसर्गातच आहे, असे सर्रास बोलले जाते. त्याला आधार म्हणून डेव्हिड बस यांच्या अभ्यासाचे नाव घेतले जाते. या मानसशास्त्रज्ञाने ३७ संस्कृतींमधील १० हजारांहून अधिक लोकांना जोडीदाराबद्दलच्या अपेक्षा विचारल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतही होता. सगळीकडे पुरुषांनी आपल्यापेक्षा लहान आणि स्त्रियांनी आपल्यापेक्षा मोठा जोडीदार पसंत केला, हे खरे आहे.

पण आकडे नीट पाहायला हवेत. पुरुषांना हवे असलेले अंतर सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांचे होते, स्त्रियांना हवे असलेले साधारण साडेतीन वर्षांचे. पुरुषांच्या मनातली वधू सरासरी २५ वर्षांच्या आसपासची होती. वीस वर्षांचे अंतर आणि नऊ वर्षांची वधू यांचे समर्थन या अभ्यासातून होत नाही.

मग हे अंतर आले कुठून? याचे उत्तर त्या काळच्या विवाहाच्या नियमांत सापडते. मुलींची लग्ने वयात येण्याआधी उरकायची, हा पहिला नियम. विधवेने पुन्हा लग्न करायचे नाही, हा दुसरा. विधुराने मात्र करायचे, हा तिसरा. बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण मोठे, त्यामुळे विधुरांची संख्याही मोठी. आता ३० वर्षांच्या विधुराला आपल्या जातीत पत्नी शोधायची असेल, तर त्याच्यासमोर कोण उरते? त्याच्या वयाच्या विधवांशी लग्न करायला बंदी आणि विशीतली एकही मुलगी अविवाहित नाही. उरतात त्या आठ-दहा वर्षांच्या मुली. तिशीतला असो की पन्नाशीतला, प्रत्येक विधुरासमोर याच वयाच्या मुली होत्या.

हे चक्र इथे थांबत नाही. वयाने इतका मोठा नवरा पत्नीच्या आधी जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे आजच्या बालवधूंमधूनच उद्याच्या बालविधवा तयार होत. याचा अर्थ वीस वर्षांचे अंतर पुरुषाच्या नैसर्गिक आवडीतून आलेले नव्हते. ते या तीन नियमांच्या एकत्रित परिणामातून आले होते.

आईवडिलांची निवड आणि मुलांची निवड वेगळी का?

ट्रिव्हर्स यांनीच १९७४ मध्ये आणखी एक सिद्धांत मांडला. आईवडील आणि अपत्य यांचे हितसंबंध बरेचसे जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत. आईवडिलांना सगळ्या मुलांचा आणि कुटुंबाचा एकत्रित विचार करायचा असतो, तर अपत्याला स्वतःचे आयुष्य काढायचे असते. मेनेलाओस अपोस्तोलू या संशोधकाने २००७ मध्ये हाच विचार लग्नाला लावला. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या १९० समाजांची माहिती तपासल्यावर त्यांना आढळले, की लग्न आईवडिलांनी ठरवणे हाच तिथेही सर्वाधिक रूढ प्रकार होता. म्हणजे ठरवून केलेले लग्न ही केवळ भारताची खासियत नाही.

या संशोधनाचा सारांश सोपा आहे. मुले-मुली स्वतः निवडतात तेव्हा रूप, स्वभाव आणि ओढ यांना जास्त वजन देतात. आईवडील निवडतात तेव्हा घराणे, जात, उत्पन्न आणि नातेसंबंध यांचे पारडे जड होते. गणपतरावांचे घर उतरणीला लागलेले आणि मुलगी नियमाने ठरवलेल्या वयाच्या टोकाला आलेली. जातीतला, सरकारी पगार असलेला वर समोर होता. या चौकटीत वडिलांचा निर्णय अनाकलनीय वाटत नाही. प्रश्न इतकाच, की ज्या व्यक्तीच्या शरीरावर आणि आयुष्यावर या निर्णयाचा परिणाम होणार होता, तिचे मत त्यात कुठेच नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीला मत विचारले असते तरी त्याला संमती म्हणता आले नसते.

याच जिल्ह्यात वेगळ्या रीतीही नांदत होत्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर भागातील वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरी या स्त्रीकडे असे. विधीचा खर्च जमेपर्यंत जोडप्याने एकत्र संसार करण्यालाही तिथे आडकाठी नव्हती. कल्याणच्या ब्राह्मण घरातला नियम हा संपूर्ण ठाणे जिल्ह्याचाही नियम नव्हता, मग मानवजातीचा तर नव्हताच.

गोपाळरावांना कशी पत्नी हवी होती?

बस यांच्या अभ्यासातला एक निष्कर्ष कमी सांगितला जातो. स्त्री आणि पुरुष दोघांनीही जोडीदारात सर्वात आधी काय मागितले, तर प्रेमळपणा आणि बुद्धिमत्ता. वय आणि पैसा त्यानंतर आले. गोपाळरावांची अपेक्षा त्यांच्या काळात विचित्र समजली गेली, पण या यादीत ती बसते. त्यांना विचाराने बरोबरीची सोबतीण हवी होती. अडचण अशी, की त्यांच्या समाजात अशी स्त्री वधू म्हणून उपलब्धच नव्हती. म्हणून त्यांनी ती घडवायला घेतली.

हे घडवणे सौम्य नव्हते. बदलीच्या नोकरीमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि पुढे बंगालपर्यंत बिऱ्हाड फिरले. जिथे गेले तिथे शेजाऱ्यांच्या टीकेला तोंड देत गोपाळरावांनी पत्नीचा अभ्यास चालू ठेवला. अभ्यासात कसूर झाली की मारही दिला. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्याचा हिशोब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळे त्यांनी नोंदवले. हे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे कठीण आहे, अशा आशयाचेही त्यांनी लिहिले. त्यामागचा हेतू त्यांना मान्य होता. पण लहान मुलीच्या मनावर आणि शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हेही त्यांनी पतीला सुनावले. हिंदू स्त्रीला पतीपुढे तोंड उघडण्याचा हक्क नसतो, हे त्या जाणून होत्या आणि तरीही त्यांनी ते लिहिले.

चौदाव्या वर्षी बाळंतपण : शरीर तयार होते का?

आनंदीबाई १४ वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो अवघे १० दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित तो वाचला असता, ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही. स्त्री डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही, या कोंडीत किती बायका आणि बाळे जातात, हे त्यांनी स्वतः भोगले.

पूर्वी मुली लवकर वयात येत, लवकर आई होत, त्यात गैर काहीच नव्हते, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. मानवशास्त्राची माहिती त्याच्या विरोधात जाते. आफ्रिकेतील कुंग आणि हाडझा, दक्षिण अमेरिकेतील आचे अशा शिकारी-संकलक समाजांत पहिले मूल होण्याचे सरासरी वय १९ च्या आसपास आढळले आहे. माणसाच्या इतिहासाचा बहुतांश काळ अशाच जीवनपद्धतीत गेला. मुलगी वयात आल्यावरही तिचे कटीर, म्हणजे ओटीपोटातील हाडांची चौकट, काही वर्षे वाढत राहते. त्याआधी आलेले गर्भारपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे ठरते. आकडी येणे, जंतुसंसर्ग आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण किशोरवयीन मातांमध्ये जास्त असते. थोडक्यात, चौदाव्या वर्षीचे मातृत्व निसर्गाच्या वेळापत्रकातही बसत नाही.

पहिली स्वतःची निवड कोणती?

डॉक्टर होण्याचा निर्णय हा आनंदीबाईंच्या आयुष्यातला त्यांचा स्वतःचा पहिला मोठा निर्णय म्हणता येईल. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्मांतर केल्यास मदत, असा सूर उत्तरात होता. दोघांनीही नकार दिला. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे ताटकळत असताना वाचला. त्यांनी पत्र धाडले आणि दोन अनोळखी बायकांची मैत्री जमली.

१८८३ च्या सुरुवातीला श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी अमेरिकेला का जात आहोत, हे जाहीर भाषणात सांगितले. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे आणि आपण हिंदू राहूनच परत येणार, हे त्यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८. नवरा बरोबर नव्हता. कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या आणि त्यांना मावशी मानू लागल्या. फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला.

लुगडे नेसून, शाकाहारावर, कडाक्याच्या थंडीत त्यांनी अभ्यास पूर्ण केला. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाचे दुःख आणि हा विषय यांतले नाते सांगावे लागत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एमडी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या आणि १८८५ मध्ये अमेरिकेला पोहोचलेले गोपाळरावही.

शेवट काय झाला?

कोल्हापूर संस्थानने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक केली होती. पण अमेरिकेतच क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावल्या. शुक्र ग्रहावरील एका विवराला आज आनंदीबाईंचे नाव आहे.

निवडीचा हक्क कायद्यात कधी आला?

आनंदीबाई गेल्यानंतर काही दिवसांतच, मार्च १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना आदेश दिला, की पतीकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्याही इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. एकीने ठरवलेल्या लग्नातूनच वाट काढली, दुसरीने ते लग्नच नाकारले.

या खटल्याने पेटलेल्या वादाच्या पार्श्वभूमीवर १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ करण्यात आले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. १९७८ मध्ये ते १८ झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालेले होते.

आजच्या कल्याण-डोंबिवलीसाठी याचा अर्थ काय?

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये आज स्थळे बायोडेटातून, वधू-वर सूचक केंद्रांतून आणि मोबाइलच्या अॅपवरून येतात. मुली शिकलेल्या, कमावत्या आणि स्वतःच्या अपेक्षा लिहिणाऱ्या आहेत. तरी बायोडेटाचा फॉर्म पाहिला तर जात, गोत्र, उत्पन्न आणि घर हे रकाने अजूनही वरच असतात. आईवडिलांच्या निवडीचे निकष मुलांच्या निवडीत मुरलेले दिसतात ते असे.

माणसाच्या पसंतीला उत्क्रांतीचा पाया आहे, यावर बहुतेक संशोधकांचे एकमत आहे. पण त्या पायावर समाज काय बांधतो, हे बदलू शकते. अॅलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी १९९९ मध्ये बस यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली. जिथे स्त्रियांना शिक्षण, पैसा आणि सत्ता जास्त मिळते, तिथे स्त्री-पुरुषांच्या अपेक्षांमधली काही तफावत कमी होते, असे त्यांना आढळले. स्वतःचे उत्पन्न असलेल्या स्त्रीला नवऱ्याचा पगार हा पहिला निकष ठेवायची गरज उरत नाही. ४५ देशांतील १४ हजारांहून अधिक लोकांच्या २०२० च्या अभ्यासातही दोन्ही गोष्टी दिसल्या. मूळ कल टिकून होता, मात्र समता जास्त असलेल्या देशांत जोडीदारांच्या वयातले अंतर कमी होते.

जे आजवर होत आले ते नैसर्गिक आणि नैसर्गिक ते योग्य, ही उडी म्हणूनच चुकीची ठरते. यमुनेच्या लग्नात निसर्गापेक्षा नियमांचा वाटा मोठा होता. नियम माणसांनी केले होते आणि माणसांनीच ते बदलले. पारनाक्याच्या त्या मुलीला नवरा निवडता आला नाही. पण ज्ञान, देश सोडण्याचे धाडस आणि आयुष्याचे काम तिने निवडले. आज कल्याण स्थानकावर सकाळची लोकल पकडून कॉलेजला निघालेल्या मुलीकडे जोडीदाराच्या बाबतीतही हो किंवा नाही म्हणण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो वापरण्याइतकी मोकळीक तिच्या घरात तिला आहे का, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारायचा आहे.